दादा ‘येतो’ म्हणाले

माझ्या सासऱ्यांना घरात सगळे दादा म्हणतात. ज्या शाळेत ते मुख्याध्यापक होते, तिथली मुलं मात्र पाठीमागे त्यांना ‘पूर्णविराम’ म्हणायची, कारण दादा बोलले की विषय संपायचा. हे नाव दादांना ठाऊक होतं आणि माझी खात्री आहे, आवडायचंही. निवृत्त झाल्यावर विषय संपवायला त्यांच्यापाशी आम्हीच उरलो.

आम्ही परदेशात आलो आणि काही महिन्यांनी दादाही राहायला आले. तेव्हा माझा जीव आधीच टांगणीला लागला होता. घरी माझ्या मुलीच्या तोंडाचा पट्टा चालू असतो, पण इथल्या शाळेत तिनं जी मिठाची गुळणी धरली होती, ती काही सोडायला तयार नव्हती. लेखी सगळं बरोबर, भाषाही कळायला लागलेली, पण वर्गात अवाक्षर नाही. वर्गशिक्षिकेनं मला बोलावून अगदी गोड आवाजात सांगितलं की सत्र संपेपर्यंत मुलगी बोलली नाही, तर तिला एक इयत्ता खाली बसवावं लागेल. म्हणजे शेजारी बसणारी तिची एकुलती एक मैत्रीणही तुटणार. त्या दिवशी मुलगी न्हाणीघरात नळ सोडून रडली, मला ऐकू जाऊ नये म्हणून. नळाचं पाणी इतका वेळ का वाहतंय, एवढं न कळायला आई काय बहिरी असते?

का बोलत नाहीस, असं मी तिला समजावून, रागावून, आमिष दाखवून विचारलं. शेवटी ती म्हणाली, “मला कुणी विचारतच नाही.”

खरंच होतं ते. आपल्याकडे बाई नाव घेतात, मूल उभं राहतं, उत्तर देतं, बसतं. इथे बाई प्रश्न हवेत सोडून देतात आणि ज्याला वाटेल तो झेलतो. माझी मुलगी आपलं नाव घेतलं जाण्याची वाट बघत बसायची. हे मी दादांना सांगायला नको होतं.

“पोरीचं बरोबर आहे, शाळाच चुकतेय,” दादा म्हणाले. “मी बघतो.”

दादांच्या ‘मी बघतो’मधून आजवर कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. पण घरच्यांनी एखादा तास वर्गात येऊन बसायला शाळेची हरकत नव्हती, आणि दादांना अडवायची हिंमत माझ्या नवऱ्यात नव्हती. तो म्हणाला, तू जा ना त्यांच्याबरोबर. म्हणजे निस्तरायला मी.

वर्गात शिरताच दादा थबकले. एकही मूल उभं राहिलं नाही. काही गालिच्यावर पालथी पडून वाचत होती, एकजण खिडकीत बसून सफरचंद खात होता, आणि बाई मुलांच्याच ठेंगण्या खुर्चीवर बसल्या होत्या. मुलं त्यांना चक्क नावानं हाका मारत होती. “ही मधली सुट्टी आहे का?” दादांनी मला विचारलं. नाही, गणिताचा तास आहे, असं मी सांगितलं. मग खरोखरच मधली सुट्टी झाली आणि मुलं बाहेर पळाली, तेव्हा दादांनी सगळ्या खुर्च्या ओढून सरळ रांगा लावल्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. परत आलेल्या मुलांना वाटलं, काहीतरी खेळ आहे. ती रांगेत बसून खिदळायला लागली.

एका मुलीनं दादांना विचारलं, तुमच्या शाळेतली मुलं तुम्हाला घाबरायची का? दादा म्हणाले, “घाबरायची म्हणजे? चळाचळा कापायची.” मी भाषांतर केलं की मुलं त्यांचा फार आदर करायची. माझी मुलगी मान खाली घालून पेन्सिलीला टोक काढत बसली होती. ते टोक दोनदा मोडलं.

निघताना दादांनी हात जोडले आणि पुस्तकातून पाठ केलेल्या इथल्या भाषेत एक वाक्य खणखणीत म्हटलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय म्हणालात?

“येतो म्हणालो. निघताना आणखी काय म्हणतात?”

तिथून सुटका झाली याच आनंदात मी होते, म्हणून पुढचा विचारच केला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी वर्गशिक्षिकेचा फोन आला. त्यांनी जे सांगितलं ते असं. आजोबा येतो म्हणालेत म्हणजे उद्याच येणार, अशा समजुतीनं मुलांनी सकाळपासून त्यांच्यासाठी खुर्ची मांडून ठेवली होती, प्रश्न तयार केले होते, चित्रकलेचा तासही थांबवला होता. आजोबा काही आले नाहीत. तेव्हा सफरचंदवाला मुलगा म्हणाला, हिचे आजोबा खोटारडे आहेत.

आणि माझी मुलगी उठून उभी राहिली. कुणी नाव घेतलेलं नव्हतं.

आमचे आजोबा खोटं बोलत नाहीत, ती म्हणाली. आमच्यात निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही. जातो म्हणणारा परत यायचा नाही, असं आम्हाला वाटतं. म्हणून सगळे येतो म्हणतात. आमचे आजोबा तर दाताच्या डॉक्टरांकडून निघतानाही येतो म्हणतात, आणि तिथे त्यांना मुळीच परत जायचं नसतं. मुलं हसली, मग त्यांनी विचारायला सुरुवात केली, आणि ती तास संपेपर्यंत बोलत राहिली. चुकत होती, अडत होती, पण थांबत नव्हती. ती आहे त्याच वर्गात राहील, असं बाई म्हणाल्या. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरातल्या फरशीवरच बसले. इतके महिने मी देव पाण्यात घातले होते, आणि गाडं हललं ते दादांच्या घोटाळ्यानं.

मुलगी घरी आली ती दप्तर भिरकावून तडक मैत्रिणीला फोन करायला. मी काही विचारायला गेले, तर हातानंच थांब म्हणाली. इकडे दादांना खोटारडा हा शब्द भलताच लागला होता. पोरं वाट बघत बसली म्हणजे काय, उद्या गेलंच पाहिजे, असं म्हणत ते इस्त्रीचा सदरा शोधायला लागले.

मी कपाळाला हात लावून म्हटलं, “जा. पण निघताना काय म्हणणार ते आधी मला सांगा.”

“येतोच म्हणणार,” दादा म्हणाले. “परवाही जायचंय मला.”