बगानच्या अर्जातलं वय

जळबा गुरुजींनी बगानचं वेळापत्रक आलेख कागदावर काढलं होतं. ब्रह्मदेशातलं हे देवळांचं शहर. इरावतीच्या काठी, माळावर दोन हजारांहून जास्त स्तूप आणि विहार, आणि गुरुजींच्या हाती दिवस पाच. त्यातले दोन जाण्यायेण्यात. उरलेल्या तीन दिवसांत एकशे वीस देवळं बघून टाकायची, असा त्यांचा बेत. पस्तीस वर्षं घंटा वाजवून शाळा चालवलेला माणूस. रिकामा तास त्यांच्या जिवाला सोसत नाही.

चतुराबाई चुलीपुढे बसून ते ऐकत होत्या. कळमनुरीजवळच्या त्या गावात गुरुजींची बायको म्हणून त्यांना मान होता, पण मानानं गुडघे दुखायचे थांबत नाहीत. सकाळी घरचं आवरायचं, मग अंगणवाडीत जायचं. पोरं गोळा करायची, खिचडी शिजवायची, पातेली घासायची, कुणाचं नाक पुसायचं. परत आलं की पुन्हा घरचंच. बगानला जायची हौस त्यांनाही होती. पण कुणी नीट विचारलं असतं, तर पाच दिवस पातेल्याला हात लावायचा नाही हीच त्यांची खरी हौस, असं त्या म्हणाल्या असत्या. विचारलं कुणी नाही.

नांदेडच्या बौद्ध विहारातली अकरा माणसं माघ पौर्णिमेला बगानला निघणार होती, आणि त्यांच्यासोबत गुरुजींचं घर. २००६ ची दिवाळी उरकली आणि गुरुजींनी घरातल्या तिघांचे पासपोर्टचे अर्ज भरायला घेतले. ते दोघं आणि नांदेडला नोकरी करणारा मुलगा धम्मदीप. तिन्ही अर्जांवर जन्मतारीख एक जून. त्यात नवल काही नव्हतं. गावातल्या निम्म्या माणसांचा वाढदिवस एक जूनलाच असतो. पोरगं शाळेत घालताना आई सांगायची की पोळ्याच्या आसपासचं हाय, किंवा पूर आला त्या सालचं हाय, आणि गुरुजी सरळ एक जून लिहून मोकळे व्हायचे.

घोटाळा तारखेत नव्हता, सालात होता. १९९० साली अंगणवाडीत मदतनीस हवी होती आणि वयाची अट पस्तिशीच्या आतली होती. चतुराबाई तेव्हा चव्वेचाळिशीच्या. त्या चौथीपर्यंत शिकल्या ती शाळा पुढं गुरुजींच्याच हाती आलेली, दाखला गुरुजींच्याच कपाटात, पेन गुरुजींच्याच खिशात. दहा वर्षं एका फटक्यात उतरली. गावात कुणी ब्र काढला नाही, कारण गुरुजींच्या पेनानं गावातल्या पुष्कळांचं भलं केलं होतं. पण दहा वर्षं कागदावर उतरली तरी अंगातून उतरत नाहीत. कागदावरच्या चतुराबाई आता पन्नाशीच्या होत्या आणि त्यांना अजून कितीतरी वर्षं खिचडी शिजवायची होती. खऱ्या चतुराबाई साठीच्या होत्या आणि भरलेलं पातेलं त्यांना एकटीनं उतरवेनासं झालं होतं.

तिन्ही अर्ज शेजारी ठेवले तेव्हा गुरुजींच्या ध्यानात आलं. धम्मदीप बेचाळीसचा, त्याची आई पन्नासची. गणिताचे मास्तर, वजाबाकी त्यांनी लगेच केली: कागदावर आईला आठव्या वर्षीच पोरगं झालेलं. आता चौकशीला पोलीस घरी येणार. खरं वय सांगावं तर दाखला खोटा ठरतो. एक खोटं झाकायला दुसरं लागतंच, आणि ते त्यांना त्याच दुपारी सुचलं. त्यांनी ते चतुराबाईंना सांगून टाकलं.

"पहिल्या बायकोचा म्हणू. ती वारली, मग तुला केली. तोंडानं म्हणायचं फक्त."

चतुराबाईंनी मान हलवली नाही, की नाहीही म्हटलं नाही. वाद घालायलाही अंगात जोर लागतो. पण त्या दिवसापासून त्यांना अन्न गोड लागेना. खिचडी ढवळताना मधेच हात थांबायचा आणि पोरं ताटल्या वाजवायची.

आठ दिवसांनी चौकशीला भारत आला. हा हवालदार गुरुजींच्याच हातचा विद्यार्थी. खुर्चीवर अवघडून बसला, चहा घेतला, अर्ज चाळले आणि व्हायचं तेच झालं. त्याचं बोट आईच्या आणि मुलाच्या जन्मसालांवरून खालीवर फिरलं. जुन्या गुरुजींना विचारायचं कसं, म्हणून तो खाकरला. गुरुजींनीच घाईनं सांगितलं, की धम्मदीप पहिल्या बायकोचा आहे. भारतला हायसं वाटलं आणि त्यानं लिहायला पेन टेकवलं.

"थांब बाबा," चतुराबाई दारातून म्हणाल्या. "मी साठ वर्षांची हाय. धम्मदीप माझ्या पोटचा हाय."

गुरुजींनी त्यांच्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की एरवी त्या गप्प झाल्या असत्या. भारतनं पेन उचललं. हलक्या आवाजात म्हणाला, "मावशी, हे लिहिलं तर अंगणवाडीचं काम जाईन. गुरुजींनाबी तकलीफ होईन. बगानचं तर सोडूनच द्या."

"लिव," चतुराबाई म्हणाल्या. त्या चौकटीला धरून उभ्या होत्या. "दोन दिवस अडले होते मी त्याच्या टायमाला. ह्यांनी माझं वय खाल्लं, मी बोलले न्हाई. आता पोरगं बी काहून देऊ?"

भारतनं लिहिलं.

पुढं व्हायचं ते झालं. अर्ज परत आले, अंगणवाडीत दुसरी बाई लागली, गुरुजींना तालुक्याला चकरा माराव्या लागल्या आणि उतारवयात एक माफीनामा लिहून द्यावा लागला. माघ पौर्णिमेला नांदेडची मंडळी बगानला निघाली. त्या दिवशी चतुराबाई उन्हं घरात येईपर्यंत झोपल्या, आणि गुरुजींनी त्यांना उठवलं नाही.