ड्रॉवरमधल्या गोळ्या

दार उघडंच होतं. डॉक्टरांनी माझी गोळ्यांची बाटली टेबलावर उलटी केली आणि बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पढेलिखे लोगां होके गोलियां चुकाते! एचआयव्ही हुआ बोलके रोते, फिर ऐसाच करते."

सहा महिने उपचार घेऊनही माझ्या रक्तातला विषाणू दबला नव्हता. म्हणजे मी खोटारडी. कार्डावर त्यांनी लिहिलंही, गोळ्या नियमित घेत नाही.

मी एकही गोळी चुकवली नव्हती. तापात घेतली, प्रवासात घेतली, पूजेच्या गर्दीत न्हाणीघराला कडी लावून घेतली. तरी मी मान खाली घालून म्हणाले, "गलती हो गई, सर." हिमायतनगरच्या त्या दवाखान्यात कुणी ओळखीचं भेटेल या धास्तीनं मला फक्त सुटायचं होतं. न केलेला गुन्हा मी कबूल केला. त्याची लाज आजाराच्या लाजेहून मोठी आहे. अजूनही.

तिथल्या समुपदेशक बाईंनी मात्र माझं उपचाराआधीचं, जपून ठेवलेलं रक्त तपासायला लावलं. अहवाल वाचून म्हणाल्या, "अम्मा, तुम्हारी गलती नै. ये वायरस पैलेसेच इन गोलियों को नै मानता. जिनसे आया, उनसे ऐसाच आया."

माझ्या आयुष्यात पुरुष एकच. लग्नाचा नवरा. माझ्याबरोबरच आपल्यालाही आजार असल्याचं कळलं, असं तो सांगत आला होता.

चिक्कडपल्लीच्या घरी त्याला विचारलं, "तुम्हाला कधीपासून?"

तो फरशीकडे बघत बोलला. "लग्नाआधीपासून. गोळ्या सिकंदराबादला, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये असतात. सुट्टी लागली की बंद. आपल्या लग्नात तर हळद लागल्यावर घराबाहेर सोडलंच नाही. मग तुळजापूर. मग पाहुणे."

दर सणाला बंद, दर सुट्टीला बंद. गोळ्या अशा तुटत गेल्यानं त्यांना सरावलेला तो विषाणू त्यानं मला अंथरुणात दिला, आणि शिव्या मी खाल्ल्या.

सासूबाई दारात आल्या. "हळू बोल, वर भाडेकरू आहेत. तुझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं ना? तेव्हा चढवलेल्या रक्तातून आला म्हण."

"नाही म्हणणार," मी म्हणाले.

सोमवारी डॉक्टरांपुढे कार्ड ठेवलं. "सर, ये लिखा हुआ काटो."

"दरवाजा लगाओ पैले."

"उस दिन खुला था. आज भी खुला रहने दो."

त्यांनी रेघ मारली. माफी मागितली नाही.

आता माझ्या गोळ्या बदलल्या आहेत. नवऱ्याच्या गोळ्या ड्रॉवरमधून घरी आल्या आहेत. दोन्ही बाटल्या जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी असतात. त्याचा विषाणू दबल्याचा अहवाल हातात पडेपर्यंत माझी खोली वेगळी.

पुढच्या महिन्यात नणंदेचं लग्न आहे. घर पाहुण्यांनी भरेल. सासूबाई म्हणतात, तेवढे दिवस बाटल्या उचल. मी उचलणार नाही. कुणी विचारलं, कसल्या गोळ्या, तर आजाराचं नाव सांगेन. आणि चूक झाली असं पुन्हा म्हणणार नाही. ज्याची झाली, त्यानं म्हणावं.