आधी मरणाचं घर

बायकोलाही हे ठाऊक नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या समाजाचे नाही आणि उद्या सभागृहात माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसणार नाही. तिथे मी अध्यक्ष आहे. बिनविरोध अध्यक्ष. हा शब्द मला पूर्वी फार आवडायचा.

धुळ्याला देवपुरात आमच्या मंडळाचं वसतिगृह आहे, खाली सभागृह. यंदा मंडळाचा महोत्सव झाला आणि मंडळाचा इतिहास मीच लिहिला. छान लिहिलाय म्हणतात लोक. त्यात एक वाक्य आहे – "काळाची गरज ओळखून जुन्या पितळी भांड्यांच्या जागी स्टीलची भांडी घेण्यात आली." हे एक वाक्य लिहायला मला अख्खी दुपार लागली. खोटं लिहायला इतका वेळ लागतो?

मंडळ सुरू झालं ते भांड्यांवरून. जानकीअक्का शिंदखेड्याच्या. ऐन तारुण्यात नवरा गेला आणि त्याच्या तेराव्याला गावात कुणी स्वयंपाकाला मोठी भांडी देईना, कारण त्याच दिवशी मोठ्या घरचं लग्न होतं. अक्कांनी लोकांना जेवू घातलं ते घरातल्या लहान पातेल्यांत, दिवसभर पुन्हा पुन्हा शिजवून. पुढे त्यांनी एक पितळी तपेलं घेतलं, काठावर स्वतःचं नाव कोरून घेतलं, आणि गावोगाव फिरून प्रत्येक घराकडे एकेक भांडं मागितलं. परात, घंगाळ, पळी, झारा, ज्याला जे जमेल ते. ही भांडी कुणीही न्यावीत, फुकट. नियम एकच – आधी मरणाचं घर, मग लग्नाचं. भांड्यांतून मंडळ उभं राहिलं, मंडळातून वसतिगृह. मी त्याच वसतिगृहात राहून शिकलो. अक्का बट्टी कुस्करून वर वरण घालायच्या आणि आम्ही पोरं पुरे म्हणेपर्यंत समोरून हलायच्या नाहीत. दुसरा नियमही त्यांचाच, अध्यक्षाने शेवटच्या पंगतीला बसायचं. गंमत बघा, हा नियम करणारी बाई स्वतः कधी अध्यक्ष झाली नाही.

मी शाळेत मास्तर झालो आणि मंडळाचा चिटणीस. भांड्यांच्या खोलीच्या किल्ल्या दोन. एक अक्कांकडे, एक माझ्याकडे.

शाळेत अशोकही माझ्याबरोबर मास्तर होता. बौद्ध. आम्ही एकाच डब्यात जेवायचो, आणि त्याचं मला स्वतःचंच कौतुक वाटायचं – हे आधी कबूल करून टाकतो. त्याचे वडील वारले. पुण्यानुमोदनाला माणसं पुष्कळ येणार होती आणि त्याला मोठी भांडी मिळत नव्हती. मी म्हटलं, आमची ने की. त्याने दोनदा विचारलं, चालेल ना? मी हसलो. किल्ली माझी, खोली मी उघडली, टेम्पो मी भरून दिला. दुसऱ्या दिवशी अक्कांना कळलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, भांडी पुरली का त्यांना.

पण भांड्यांवर नावं कोरलेली. आमच्या नानांनी – समाजातले वजनदार माणूस – ती अशोकच्या गल्लीत पाहिली.

त्याच महिन्यात मंडळाची सभा होती. त्या वर्षी अक्कांना अध्यक्ष करायचं घाटत होतं. अगदी उघडपणे. मला काय वाटत होतं? मला ती खुर्ची हवी होती. दुसरं काही नाही.

सभेत नानांनी विचारलं, आपली भांडी तिकडे कुणी दिली? कुणी जातीचं नाव घेतलं नाही. आमच्यात घेत नाहीत, "तिकडे" म्हणतात. जाजमावर बसलेली सगळी माणसं एकमेकांकडे बघू लागली. आणि मी गप्प बसलो.

नाही. इतकी वर्षं स्वतःला मी हेच सांगत आलो – की मी घाबरलो, गप्प बसलो. भित्रेपणाचं कौतुक नसलं तरी त्याला माफी मिळते, नाही का? पण मी गप्प बसलो नव्हतो. मी बोललो. खाली बघत नाही, नानांकडे बघून बोललो. म्हणालो, "किल्ली अक्कांकडे असते."

अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नव्हे. वाट बघत होत्या. वाक्य पुरं करायला मला वेळ देत होत्या, पंगतीत देत तसा. मी जाजमाची नक्षी बघत बसलो.

मग त्या म्हणाल्या, "हां, भांडा मी दिधात. त्या घरमा मरन व्हतं. मरनना घरले कोन जात इचारस?"

कंबरेची किल्ली काढून त्यांनी जाजमावर ठेवली आणि उठून गेल्या. पुन्हा कधी सभागृहाची पायरी चढल्या नाहीत. त्याच सभेत मी अध्यक्ष झालो. बिनविरोध.

माझा पहिला ठराव भांडी मोडीत काढण्याचा होता. भांडी बाटली असं कुणी म्हटलं नाही. जुनी झाली, वजनाला जड, कल्हईचा त्रास – सगळ्यांना एकदम सुचलं. अक्कांचं तपेलंही गेलं. नियम मात्र आम्ही भिंतीवर रंगवून घेतला, आधी मरणाचं घर. खाली बारीक अक्षरांत, फक्त समाजबांधवांसाठी. ती ओळ माझी.

अशोक त्यानंतर डबा तेवढा वेगळा खायला लागला. मी विचारलंही नाही, का म्हणून.

मागच्या वर्षी अक्का गेल्या. तेराव्याला मी शिंदखेड्याला मंडळाचा टेम्पो घेऊन गेलो, आत स्टीलची चकचकीत भांडी. अक्कांचा मुलगा दारातच म्हणाला, भांडी आली आहेत. अंगणात चुलाणावर पितळी तपेलं होतं. काठ चेपलेला, पण अक्कांचं नाव वाचता येत होतं. आणि पळी हातात घेऊन अशोक उभा. मोडवाल्याकडून त्याने ते तेव्हाच सोडवून आणलं होतं. घरी ठेवलं होतं, इतकी वर्षं. मी त्याला रोज शाळेत भेटत होतो, निवृत्त होईपर्यंत.

शेवटच्या पंगतीला मी बसलो. अध्यक्ष ना. शेजारी नाना, आता दिसत नाही त्यांना नीट. वांग्याची भाजी तोंडात घालून ते म्हणाले, चव तर पितळेतली आहे, भांडा कोनां शेतस?

अशोक माझ्यासमोरच होता. वाकलेला, पळी माझ्या ताटावर. तोही थांबला. अक्का थांबल्या होत्या तसाच.

यावेळी खुर्चीही पणाला नव्हती. नाना म्हातारे, मी म्हातारा, कोण काय वाकडं करणार होतं माझं?

मी म्हणालो, "भाड्याची असतील."

अशोकने माझ्या ताटातली बट्टी कुस्करली, वर वरण घातलं आणि मी पुरे म्हणेपर्यंत घालत राहिला. मग पुढच्या ताटाकडे गेला. मी सगळं जेवलो. बाहेर टेम्पो उभा होता, तो तसाच भरलेला धुळ्याला परत नेला.