आधी पुसून पाहा

धूमकेतू सात वर्षांतून एकदा येतो, पण त्याचे किस्से आमच्याकडं दर रविवारी वाढतात. आमचं आकाश मंडळ म्हणजे चार माणसं, वानखडे सरांची दुर्बीण अन् नांदगाव खंडेश्वरजवळचं शेंडेकाकांचं वावर. मी अकोल्याहून बसनं जातो. घरचे विचारतात, "काहून जाता?" मी थर्मास भरतो अन् निघतो.

सर भूगोलाचे मास्तर. एक धूमकेतू शोधायचा, त्याला आपलं नाव लागावं, एवढंच खूळ. एका सांजेला ओरडले, "सापडला!" फिक्का, मऊ ठिपका. दुर्बीण जिकडं वळवावी तिकडं तो सोबत यायचा. सर म्हणाले, "लय फास्ट हाय!" वेधशाळेला मेल गेले, पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी शेंडेकाकांनी भिंगावर फुंकर मारली अन् धूमकेतू उडाला. कापसाचा तंतू! काका म्हणाले, "मास्तर, असे माह्या घरात लय पडले हायेत. पोतंभर देऊ?"

तेव्हापासून मंडळाचा एकच नियम: काहीही दिसलं की आधी पुसायचं. आम्ही चंद्रसुद्धा पुसून पाहतो.

पुढं खरंच एक ठिपका दिसला. पुसला, फुंकला, तरी जागेवरच. दुसऱ्या सांजेला ताऱ्यांमधून थोडा सरकलेला. सरांनी वेधशाळेला कळवलं. उत्तर आलं: अभिनंदन, पण हा आधीच कोणीतरी शोधलाय, सात वर्षांनी परत येतो. सरांनी दोन दिवस दुर्बिणीचं झाकण काढलं नाही. मग म्हणाले, "पोट्टं दुसऱ्याचं निघालं. पण आपल्या वावरात येऊन तं गेलं!"

सात वर्षांनी आम्ही थर्मास, सतरंजी घेऊन हजर. शेजाऱ्यानं नेमकी कापसाची वाळलेली पऱ्हाटी पेटवलेली. आठ दिवस धूर, मग ढग, अन् तो निघून गेला. सर म्हणाले, "केतू काही दिसला नाई. नुसता धूमच आला."

यंदा पुन्हा त्याची पाळी. सर अठ्ठ्याहत्तरचे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरनं ऑपरेशनला धूमकेतू गेल्यानंतरची तारीख दिली तर सर अडून बसले. "त्याच्या आधी करा. नाव नको मले, अजून एक डाव भेट पाहिजे. पुढच्या खेपेले मी नसन."

ऑपरेशन झालं, महिना गेला. सांजेला वावरात सरांनी दुर्बिणीला डोळा लावला.

"पुसा."

मी पुसलं.

"परत पुसा."

परत पुसलं. सरांनी रुमालानं स्वतःचा डोळा टिपला, पुन्हा पाहिलं.

"शेंडे, तुमी फुंका."

काकांनी गाल फुगवून फुंकर मारली. सरांनी डोळा लावला.

"उडाला नाई!"