ताई गेली ती भाड्याची स्कूटर

ज्या स्कूटरवर माझी ताई गेली, ती स्कूटर ताईचा दहावा व्हायच्या आत पुन्हा भाड्याने गेली.

मी हे माझ्या डोळ्यांनी बघितलंय. इतकी वर्षं झाली, आता सांगतोय.

आज ताई गेली तो दिवस.

वैशाली. बेलापूरला एका ऑफिसात टायपिस्ट होती. वाशीतल्या आमच्या सोसायटीत सगळ्यात मोठ्याने हसणारी. बाबा म्हणायचे, "हळू हस, खालच्या मजल्यावर ऐकू जातं."
ती म्हणायची, "मग त्यांना पण जोक सांगून येते."

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नेरूळच्या संदीपशी लग्न झालं. हनीमून गोव्याला. आमच्यासारख्या घरात तेव्हा तेच फॉरेन होतं.

बीचजवळच्या एका स्टँडवरून जिजूंनी स्कूटर घेतली. लायसन्स कुणी विचारलं नाही. हेल्मेट मागितलं तर मालक हसला. "इथं कोण घालतंय साहेब? हवा खायला आलात ना?"

पुढचा ब्रेक लागत नाही, हेही जिजूंनी त्याला सांगितलं.
"मागचा आहे ना. बास होतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी उतारावर समोरून बस आली. मागचाही लागला नाही.

जिजूंचा पाय मोडला. ताईचं डोकं कठड्यावर आपटलं. ती जागेवरच गेली.

हातातली एक बांगडीसुद्धा फुटली नव्हती.

बाबा आणि मी तिला आणायला गेलो. पोलीस स्टेशनच्या आवारात ती निळी स्कूटर उभी होती. बाबा आत सह्या करत होते आणि मी नुसता तिच्याकडे बघत होतो. नंबर नकळतच पाठ झाला.

वाशीला आणून तिला अग्नी दिला. जिजू अजून गोव्यातच, हॉस्पिटलमध्ये. आठवडा झाला असेल, आई उठली. "मला संदीपला बघायचंय. तो पण माझाच आहे."
सुतक आहे, लोक काय म्हणतील, सगळं बोलून झालं. तिने ऐकलं नाही. मी सोबत गेलो.

जिजू आईचा हात धरून एकच सांगत राहिले, "आई, मी त्याला ब्रेकचं सांगितलं होतं."

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "मला तो स्टँड बघायचाय."

गेलो. स्कूटर्सची रांग होती. आणि रांगेच्या पुढे ती निळी. चेपलेला पत्रा ठोकून सरळ केलेला, हेडलाइट नवीन. वर एक जोडपं बसलेलं. मुलीच्या हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा.

मी नंबर बघितला. "आई, तीच."

आई सरळ चालत गेली. चावी काढली, मुठीत धरली आणि त्या मुलीला म्हणाली, "बाळा, उतर. ह्याच्यावर माझी मुलगी मेली."

नवरा चिडला. "ओ काकू, भाडं भरलंय आम्ही!"

मुलगी मात्र उतरली. पांढरीफटक पडली होती. मग नवराही उतरला, आणि आई त्या सीटवर चढून बसली. आयुष्यात कधी दुचाकीवर न बसलेली माझी आई.

मालक धावत आला. "मावशी, धंद्याची वेळ आहे. तमाशा नको."
"पोलीस येईपर्यंत मी उठणार नाही."

कुणीतरी चौकीवर कळवलं, हवालदार आले. ते म्हणाले, "बाई, गाडी प्रायव्हेट नंबरची आहे. भाड्याने दिलीच नव्हती, असं मालक म्हणतो. तुमच्या जावयाला मैत्रीखातर दिली, असा जबाब आहे त्याचा. म्हणून गाडी सोडली."

मैत्रीखातर! जिजूंनी त्या माणसाला जन्मात एकदा बघितलं होतं.

 बोलली ती मुलगी.
"मग आम्ही कोण? आम्ही पण ह्याचे मित्र? आत्ता माझ्या हाताने भाडं दिलंय. लिहा माझं नाव."

नवऱ्याने तिचं कोपर ओढलं. "सुनीता, चल. कोर्टाचं टेन्शन आपल्याला कशाला?"
"तुला कळतंय का? आत्ता आपण निघालो होतो ह्याच्यावर."

नवऱ्याने तिचं कोपर सोडलं. थोड्या वेळाने त्यानेही जबाब दिला.

स्कूटर पुन्हा जप्त झाली, या वेळी नीट तपासली. पुढच्या ब्रेकला केबलच नव्हती. मागचे लायनर झिजून गुळगुळीत. पत्रा तेवढा सरळ केला होता, रंग तेवढा मारला होता.

भाड्याने द्यायला परवाना लागतो, हा नियम तेव्हाही होता. बघणारं कुणी नव्हतं.

केस काही वर्षं चालली. सुनीता साक्षीला सांगलीहून आली. निकालाच्या दिवशीही आली, कडेवर छोटी मुलगी घेऊन. मालकाला शिक्षा झाली. पण अपिलासाठी लगेच जामीन मिळाला आणि आमच्या आधी तो जिना उतरला. खाली स्कूटरला किक मारून गेलासुद्धा. डोक्यावर हेल्मेट नव्हतं.



आज भाड्याच्या गाड्यांना काळ्या पाटीवर पिवळे आकडे असतात, हेल्मेटही देतात. तरी प्रायव्हेट नंबरची गाडी "स्वस्तात" देणारा कोपऱ्यावर भेटतोच. प्लीज घेऊ नका. निघण्याआधी दोन्ही ब्रेक स्वतः दाबून बघा. जिजू सीवूड्सला राहतात, त्यांनी पुन्हा दुचाकीला हात लावला नाही.

आणि निकालाच्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं.

कोर्टाच्या जिन्यावर सुनीता ढसाढसा रडायला लागली. "काकू, काहीच झालं नाही हो."

आईने तिची मुलगी आपल्या कडेवर घेतली. पोरीचं नाक पदराने पुसलं.

"झालं की गं. तू आहेस. ही आहे."

ताई, तुला मनापासून नमस्कार. खूप आठवण येते गं.