काकांचा सर्व्हर आणि पाचवा अध्याय

देव आणि टीव्ही यांच्यातलं भांडण आजवर भल्याभल्यांना मिटवता आलेलं नाही. ते मिटवायला कंबर कसून निघालेला अख्ख्या मराठवाड्यातला एकमेव माणूस म्हणजे आमच्या हिचे काका. मुक्काम गंगाखेड, व्यवसाय भिक्षुकी, वय विचारलं तर "पंचांगात बघून सांगतो" म्हणणारे. डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यावर पंचा, आणि कापडी पिशवीत एका कप्प्यात दर्भ, सुपाऱ्या, जानवी आणि दुसऱ्या कप्प्यात तीन पेनड्राइव्ह. एकदा घाईत कप्पा चुकला आणि काकांनी गणपतीच्या सुपारीऐवजी पेनड्राइव्हच तांदळावर मांडून त्याला पंचामृताचं स्नान घातलं. तो पेनड्राइव्ह पुन्हा कधी चालला नाही, पण त्या घरातल्या मुलीचं लग्न पंधरा दिवसांत जमलं, हे काका आजही छाती पुढे काढून सांगतात.

काकांना समजून घ्यायचं तर त्यांचं एक वेड आधी समजून घ्यावं लागतं. हाती घेतलेली कुठलीही गोष्ट ते अर्ध्यावर सोडत नाहीत. भज्यांच्या कागदाचं तेल पुसून त्यावरचा मजकूर ते मुद्रकाच्या नावापर्यंत वाचतात. मोबाइल कंपनीची रेकॉर्ड केलेली बाई फोनवर योजना सांगू लागली की हे टोपी नीट करून शेवटपर्यंत ऐकतात. "अहो काका, ती खरी बाई नाही," असं मी म्हणालो तर म्हणाले, "नसू द्या. बोलायलीय ना बिचारी? मधीच कसं ठेवायचं?" एकदा त्यांना पोखर्णीला उतरायचं होतं, पण कंडक्टरनं चुकून परभणीचं तिकीट फाडलं. काका परभणीपर्यंत गेले, स्टँडवर उतरले, चहा घेतला आणि दुसऱ्या एसटीनं पोखर्णीला परत आले. तिकीट काढलंय म्हटल्यावर प्रवास पुरा करायला नको का, असं त्यांचं म्हणणं. यजमान पोखर्णीच्या पारावर ताटकळत उभे होते ते वेगळंच.

अशा माणसाच्या वाट्याला सत्यनारायणाची पूजा आली, हे त्याचं भाग्य म्हणा नाहीतर भोग म्हणा. कथेचे अध्याय पाच. पहिल्या अध्यायाला घर भरलेलं असतं. दुसऱ्यालाही बरे बसलेले असतात. तिसऱ्याला बायका भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू लागतात, कारण संध्याकाळची पूजा असली तर तिसरा अध्याय आणि साडेसातची मालिका यांची गाठ ठरलेली. चौथ्याला "जरा शिऱ्याकडं बघते" म्हणून एकेक बाई आतल्या खोलीत गडप होते, आणि इतका वेळ शिऱ्याकडं बघायला तो काय पळून जायलाय का, असं काकांना वाटत राहतं. पाचव्या अध्यायाला उरतात यजमान आणि यजमानीण, तेही उपरण्याची गाठ मारलेली असते म्हणून. अध्याय जेमतेम सहा मिनिटांचा. पण साखर कारखान्याच्या कॉलनीत एका संध्याकाळी त्या दोघांनीही हळूच गाठ सोडली आणि आतून दार लोटून घेतलं. काकांनी पाचवा अध्याय एकट्यानं संपवला. घरी आल्यावर मी धीर द्यायला म्हणालो, "देवानं तर ऐकला ना, काका?" काका म्हणाले, "कशाचा ऐकतो? दार अर्धं उघडं होतं अन् देवाचं तोंड टीव्हीकडंच होतं."

त्यानंतर नवव्या दिवशी काका माझ्याकडे आले. मी इथल्या शाळेत शिकवतो आणि शाळेतल्या संगणकाच्या खोलीची किल्ली माझ्याकडे असते; एवढ्यावरून सासरच्या मंडळींनी मला संगणकातला तज्ज्ञ ठरवून टाकलं आहे. "जावईबापू," काका म्हणाले, "लोकांचं एक चुकत नाही बघा. पुढं काय झालं हे कळल्याबिगर माणसाला चैन पडत नाही. तर आपण असं करू, मालिकेचाच इंतजाम करू. पाचवा अध्याय ऐकला की शिऱ्यासंगं त्या दिवशीचा भाग हातात. मग कोण कामून उठेल?"

मला वाटलं, उन्हाचा परिणाम असेल. पण काका कामाला लागले होते. बंद पडलेल्या फोटो स्टुडिओतून जुना संगणक आला. तो देवघरात बसला, कारण इन्व्हर्टरची लाइन घरात तेवढ्याच एका कोपऱ्यात होती. इंटरनेटवर शोधून, वहीत टिपून, मला पिडून काकांनी त्याचा घरगुती सर्व्हर केला. काम असं, की साडेसातची मालिका संपून तिचा भाग इंटरनेटवर आला रे आला की सर्व्हरनं तो आपण होऊन उतरवून घ्यायचा, मधल्या जाहिराती छाटायच्या आणि भाग काकांच्या मोबाइलवर पाठवून द्यायचा. काकांनी त्यासाठी रीतसर वर्गणी भरली, कारण चोरीची साखर शिऱ्यात चालत नाही. हात-पाय धुतल्याशिवाय कीबोर्डला हात लावायचा नाही, असा नियम झाला. पासवर्ड म्हणून त्यांनी एक अख्खा श्लोक टाकला. अक्षरं जास्त होतात, असं यंत्रानं सांगितल्यावर काका खवळले. "अर्ध्या श्लोकावर थांबा म्हणायलंय! मुंज झालीय का याची?" शेवटी चार अक्षरांवर तडजोड झाली, आणि राहिलेला श्लोक काका दर वेळी पासवर्ड टाकून झाल्यावर तोंडानं पुरा करत. काकू देवघराच्या उंबऱ्यावर उभ्या राहून सगळं बघत होत्या. "देवाला एक दिवा," त्या म्हणाल्या, "अन् ह्याला चार. ते बी लुकलुक करायलेत. देवाला वाईट वाटत असंल हो."

आणि हा प्रकार चक्क चालला! मोबाइलवर मालिका बघता येत नाही असं नव्हे, पण पूजेला आलेली वीस माणसं एका मोबाइलला कुठं कुठं चिकटणार? इथं तर मोठ्या टीव्हीवर, बिनजाहिरातीचा, ताजा ताजा भाग. भाग आल्याची वर्दी म्हणून काकांनी मोबाइलला शंखाचा आवाज लावला होता. चौथा अध्याय चालू असताना चौरंगाखालून शंख वाजला की बायका भक्तिभावानं हात जोडत. काका सावकाश पाचवा अध्याय पुरा करत, आरती करत, मोबाइलमधला भाग पेनड्राइव्हवर घेत, तो तबकात ठेवून त्यावर तुळशीचं पान वाहत आणि मग यजमानाच्या ओंजळीत देत. आसपासच्या गावांतून बोलावणी वाढली. "पेनड्राइव्हवाले काका" म्हटलं की गंगाखेडात कुणीही घर दाखवी.

अशा एका पूजेला काका मला मुद्दाम घेऊन गेले. "तुमी मागं बसा," म्हणाले, "अन् बघा, लोक पाचवा ऐकतात का. मला पोथीतून मान वर काढता येत नाही." परत येताना त्यांनी विचारलं तेव्हा मी ठोकून दिलं, "काका, काय सांगू! अगदी तल्लीन." खरं सांगायचं तर मी लोकांकडे पाहिलंच नव्हतं. मी मागच्या रांगेत बसून दहावीच्या चाचणीचा पेपर मनातल्या मनात काढत होतो. पाचव्या अध्यायात काय आहे, ते मलाही माहीत नव्हतं. पण काका त्या दिवशी बसस्टँडपासून घरापर्यंत असे चालले, की पायांत नवी चप्पल आहे असं कुणालाही वाटलं असतं.

करायला गेलो गणपती, झाला मारुती, हे व्हायचंच होतं. फाइलींना इंग्रजी तारखेची नावं देणं काकांना पटत नव्हतं. त्यांच्या सर्व्हरमध्ये भाग तिथीनं लागत. चैत्र शुद्ध पंचमीचा भाग, वैशाख वद्य अष्टमीचा भाग. महिन्यांची नावं काकांनी सांगितली आणि मी टाइप केली. "लिहा, चैत्र, वैशाख, ज्येष्ठ," करत बारा झाले. त्या नावाचा भाग आधीच जमा असेल तर पुन्हा उतरवू नकोस, असंही त्यांनी यंत्राला बजावून ठेवलं. त्या वर्षी ज्येष्ठ अधिक आला. म्हणजे आधी अधिक ज्येष्ठ, मग निज ज्येष्ठ, तिथ्या त्याच. अधिक महिन्यात लग्नं नसतात, त्यामुळे तो निवांत गेला. मला जावई म्हणून तेहेतीस अनारसे मिळाले, त्यांच्यावर एक पेनड्राइव्ह. मग निज ज्येष्ठ लागला, लग्नांचा धुरळा उडाला आणि लग्नानंतरच्या पूजांना काकांना फुरसत मिळेना. इकडे देवघरात सर्व्हरनं पाहिलं, ज्येष्ठ शुद्ध प्रतिपदेचा भाग? आहे की! द्वितीयेचा? तोही आहे. आणि महिन्यापूर्वीचा एकेक भाग इमानदारीनं पाठवत तो स्वस्थ बसून राहिला. शंख मात्र वेळेवर वाजत होता.

मालिकेची चालच अशी, की चार दिवस कुणाच्या काही लक्षात आलं नाही. पाचव्या दिवशी, महिन्यापूर्वी घर सोडून गेलेली मालिकेतली धाकटी सून स्वयंपाकघरात फोडणी देताना दिसली. ज्या घरांत पूजा झाली होती तिथं आनंदीआनंद झाला. एका घरी म्हणे दुसऱ्यांदा शिरा केला. दुसऱ्या दिवशी भाजीबाजारात, सून परत आली म्हणणाऱ्या आणि कुठली आली म्हणणाऱ्या असे दोन तट पडले. दोन सख्ख्या जावा मेथीच्या जुडीवरून नव्हे, तर या सुनेवरून भांडल्या. शेवटी उलगडा झाला आणि सगळं गाव पोट धरून हसलं. गावाला पंचांग सांगणारा माणूस अधिक महिनाच विसरला! काका मला म्हणाले, "आयुष्यभर लोकांना अधिक सांगायलो, जावईबापू, अन् आपल्याच पेटीला सांगायचं राहिलं." तेव्हा ते स्वतःही हसत होते.

हसू मावळलं ते त्यानंतरच्या पूजेत. मी काकांबरोबर होतो. एका बागायतदाराच्या घरी नवं जोडपं पूजेला बसलेलं. काकांनी सुरुवातीलाच प्रांजळपणे सांगून टाकलं, की पेटी दुरुस्तीला काढलीय, आज भाग मिळायचा नाही. तिसऱ्या अध्यायाला निम्मी खोली उठली. काका पोथीतून मान वर करून म्हणाले, "बसा की जरा, पाचवा राहिलाय." त्यावर बोरीहून आलेली नवरदेवाची आत्या, मनानं चांगली पण तोंडाची फटकळ, दारातूनच म्हणाली, "खरं सांगू का काका? राग मानू नका. आमी बसायलो होतो ते त्या भागापायी. पाचवा कुणी ऐकलाय हो? न्हाई तुमाला कुणी सांगितलं ते?" काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी सतरंजीकडे पाहिलं.

महिन्याचं नाव सुधारायला पाच मिनिटं लागली असती. मी दोनदा जाऊन आलो, पण काकांनी सर्व्हरची वायर काढून त्याच्यावर धाबळी टाकली होती. काकू मला दारापर्यंत पोचवायला आल्या. "जेवायला बसतात अन् अर्ध्यावर उठतात," त्या हळूच म्हणाल्या. "आमच्या लग्नापासून कधी असं बघितलं नाही मी." मला माझी लाज वाटली. गावानं त्यांची थट्टा केली होती. खोटं मात्र मी बोललो होतो.

श्रावणात आमच्याकडे दरवर्षी सत्यनारायण असतो आणि तो काकाच सांगतात. ते वेळेवर आले, चौरंग मांडला, कलश ठेवला. सगळं नेहमीसारखं, फक्त आवाज खाली. संकल्पाआधी मला बाजूला घेऊन म्हणाले, "जावईबापू, आज चारातच आटपू. मंडळींना घाई असते. देव काही म्हणत नाही." पोखर्णीसाठी परभणी गाठणारा हा माणूस, आणि तो मला देवाचं काम अर्ध्यावर सोडायची परवानगी मागत होता. मी म्हणालो, "काका, मागं मी तुम्हाला खोटं सांगितलं. त्या दिवशी मीसुद्धा ऐकत नव्हतो. आज पाचवा घ्या. मला ऐकायचाय."

काकांनी मला पाटावर बसवून संकल्प सांगितला. नेहमीप्रमाणे तिसऱ्याला माणसं कमी झाली, चौथ्याला अजून. मग त्यांनी पान उलटलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो. ही माझ्या शेजारी होती, तिनंही मान वर केली होती. राजा शिकारीला जातो, झाडाखाली गवळी पूजा मांडून बसलेले असतात. काका वाचत होते, आणि पान संपता संपता त्यांनी सहज नजर उचलली. माझी नजर त्यांच्या नजरेला भिडली आणि काका अडखळले. एवढी वर्षं तोंडपाठ असलेला अध्याय, पण बोट ओळीवरून घसरलं. पोथीची पानं त्यांनी पुढं-मागं केली, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"कुठवर आलो होतो?" ते पुटपुटले.

"गवळ्यांनी दिलेला प्रसाद राजानं तिथंच ठेवला, तिथवर," मी म्हणालो.

काका माझ्याकडे बघतच राहिले. पंच्यानं डोळे पुसले, मांडी सावरून बसले, आणि किती दिवसांनी पुन्हा त्यांच्या त्या खणखणीत आवाजात म्हणाले, "मग बसा की नीट. पुढं अजून बरंच आहे."