साड्यांतली चटणी

आज मिरची कुटणाऱ्या कांडपातून कांदा-लसूण चटणी आणली. डबा उघडला आणि मस्कतची संध्याकाळ आठवली.

जयसिंगपूरच्या एका जैन घरात मी स्वयंपाकाला होते. मस्कतला लेकाकडं जाताना आक्कांनी, म्हणजे मालकीणबाईंनी, मलाही नेलं. त्या घरात कांदा-लसूण चालत नसे, म्हणून चटणीची पुडी मी साड्यांत लपवली होती.

तिथं मी तापानं पडले. घास गिळेना. मला बदलायला साडी काढताना आक्कांना पुडी सापडली. आता कामावरून काढणार, म्हणून मी डोळे मिटले.

थोड्या वेळानं त्यांनी ताटली पुढं ठेवली. मऊ भात, कडेला चटणी. त्यांनी नाकाला पदर लावलेला. तेव्हा भीतीत तो दिसला नव्हता, आज दिसतो.

"खा की गं, दिवस मावळायच्या आत."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"तिखट लागलं व्हय?"

मी "व्हय" म्हटलं. खरं तर तापानं तोंडाला चवच नव्हती.